मराठी माध्यमाच्या आठवी ते दहावीला इंग्रजी वाक्यरचना शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणारे घोटाळे

दहावीतलं पोर बारा काळांची नावं घडाघडा म्हणून दाखवतं, पॅसिव्हचा तक्ता तोंडपाठ असतो, आणि त्यालाच म्हणा की "काल घरी पाहुणे आले होते म्हणून माझा अभ्यास झाला नाही" एवढं इंग्रजीत लिही, की पेन थांबतं. लिहिलंच तर येतं "येस्टरडे माय होम गेस्ट कम सो आय ॲम नॉट स्टडी". मग आपण म्हणतो पोरांचं बेसिक कच्चं आहे, आणि बेसिक म्हणून परत नाऊन-प्रोनाऊनच्या व्याख्यांपासून सुरू करतो. तिथेच चुकतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण व्याकरणाचे विषय ज्या क्रमाने घेतो तो क्रमच उलटा आहे. आधी व्याख्या, मग काळांचा तक्ता, मग व्हॉइस-डिग्री-नॅरेशन, आणि वाक्य लिहायला सांगायचं एकदम निबंधात. खरं तर आधी वाक्याचा सांगाडा, मग क्रियापद, मग प्रश्न-नकार, मग काळ, मग जोडणी, आणि रूपांतरं सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम लावलाय. शाळेतले शिक्षक, क्लास घेणारे आणि घरी मुलांना बसवून शिकवणारे आईबाबा, तिघांनाही चालेल. इंग्रजी वाक्यं इथे देवनागरीत लिहिलीत, फळ्यावर अर्थातच इंग्रजीतच लिहायची.

## तयारी: शिकवायच्या आधी नेमकं काय चुकतंय ते बघा

पहिल्या दिवशी काहीच शिकवू नका. खालची दहा वाक्यं मराठीत फळ्यावर लिहा आणि इंग्रजीत करायला सांगा. शब्द अडला तर सांगून टाका, आपल्याला शब्द तपासायचे नाहीयेत.

1. मला दोन भाऊ आहेत.
2. बाबा शेतात गेले आहेत.
3. आज खूप ऊन आहे.
4. तू काल शाळेत का आला नाहीस?
5. त्याची बहीण नागपूरला राहते.
6. मला पोहता येतं.
7. आम्ही पाच वर्षांपासून इथे राहतो.
8. सर म्हणाले की मी उद्या येणार नाही.
9. पाऊस होता तरी मॅच झाली.
10. जो मुलगा पहिला आला तो माझा मित्र आहे.

ही वाक्यं उगाच निवडलेली नाहीत, प्रत्येकात मराठीची एकेक सवय दडलीये जी इंग्रजीत पाय घसरवते. कागद गोळा करा, लाल पेन बाजूला ठेवा आणि नुसते गठ्ठे करा: कर्ता गायब असलेले, "आहे"मुळे चुकलेले, प्रश्न-नकार चुकलेले, काळ चुकलेले, जोडणी चुकलेले. एक कागद दोन-तीन गठ्ठ्यांत मोडेल, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर नावांपुढे खुणा करून ठेवा. जो गठ्ठा सगळ्यात जाड तिथे जास्त तासिका लागणार, बाकी ठिकाणी भराभर पुढे जायचं.

अजून दोन गोष्टी आधी करून ठेवा. एक, नेहमी लागणाऱ्या पन्नास-साठ क्रियापदांची तिन्ही रूपांची यादी वर्गाच्या भिंतीवर लावा, गो-वेंट-गॉन वगैरे, आणि रोज पाचच पाठ करायला द्या. दोन, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून ठेवा, पहिल्या टप्प्यात लागतील.

सावधान: चाचणीचे मार्क देऊ नका आणि वाचून दाखवू नका. पहिल्याच दिवशी हसू झालं की मागच्या बाकावरची पोरं वर्षभर तोंड उघडत नाहीत.

## टप्पा 1: वाक्याचा सांगाडा

मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी चालतं कारण विभक्तीचे प्रत्यय अर्थ धरून ठेवतात. "रामाने रावणाला मारलं" म्हणा की "रावणाला रामाने मारलं" म्हणा, मेला रावणच. इंग्रजीत प्रत्यय नाहीत, तिथे जागाच सगळं ठरवते, "राम किल्ड रावण" उलटं केलं की रामायणच उलटं होतं. हे एकदा पोरांना नीट दिसलं की मग "इंग्रजीत क्रियापद मधे का येतं" हा प्रश्न पडत नाही.

फळ्यावर पाच रकाने आखा: कोण, क्रिया, काय किंवा कोणाला, कुठे, केव्हा. मराठी वाक्याचे तुकडे पट्ट्यांवर लिहून मुलांना हातात द्या आणि आपापल्या रकान्याखाली जाऊन उभं राहायला सांगा, मराठी पट्टी घेऊनच. सगळे उभे राहिले की वाक्य त्या क्रमाने वाचून घ्या: "आई – विकते – भाजी – बाजारात – रोज सकाळी". ऐकायला विचित्र वाटतं, पोरं हसतात, पण इंग्रजी क्रम कानात बसतो. त्यानंतर पट्ट्या उलटून मागे इंग्रजी लिहायचं. "केव्हा" सुरुवातीलाही येऊ शकतं हे सांगा, पण पहिला आठवडा शेवटीच ठेवा.

इथे तीन ठिकाणी गाडी अडते.

कर्ता गायब. मराठीत "उद्या येतो" एवढं पुरतं, कर्ता क्रियापदात लपलेला असतो. इंग्रजीत कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, कोणीच नसेल तर "इट"ला बसवायचं. म्हणून आपलं तिसरं वाक्य "इट इज व्हेरी हॉट टुडे". पाऊस, थंडी, उशीर, वाजले किती, अंतर, या सगळ्यांची वाक्यं "इट"ने सुरू करायची सवय लावा.

आदरार्थी अनेकवचन. "बाबा गेले आहेत", "सर वर्गात आहेत", मग मुलं "फादर हॅव गॉन" नाहीतर "सर आर इन द क्लास" लिहितात. त्यांचं मराठी पक्कं आहे म्हणून ही चूक होते, हे त्यांनाही सांगा. इंग्रजीत माणूस कितीही मोठा असो, एक असेल तर एकवचनच. मुख्यमंत्री असले तरी "ही इज".

त्याची आणि तिची. "त्याची बहीण" म्हणताना मराठीत "ची" हे बहिणीकडे बघून येतं, म्हणून मूल "हर सिस्टर" लिहून मोकळं होतं. इंग्रजी मालकाकडे बघतं, वस्तूकडे नाही. मालक मुलगा असेल तर बहीण, सायकल, शाळा सगळं "हिज". दोन मिनिटांचा खेळ घ्या, वर्गातल्या एका मुलाची पाण्याची बाटली उचला आणि विचारा, हिज की हर? मग मुलीचा डबा उचला. बास.

पुढे जायच्या आधी तपासा: "आजोबा देवळात आहेत", "आज थंडी आहे", "तिचा भाऊ पुण्याला राहतो". ही तीन वाक्यं वर्गातल्या बहुतेकांना न अडखळता जमली पाहिजेत. नाही जमली तर अजून एक तासिका पट्ट्यांवर घालवा, वाया जात नाही.

## टप्पा 2: "आहे"चा गुंता सोडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठी माध्यमाच्या वह्यांमधली अर्धी लाल शाई या एका शब्दामुळे सांडते असं माझं स्पष्ट मत आहे. लहानपणी कोणीतरी "इज म्हणजे आहे" असं पाठ करून घेतलेलं असतं आणि मग जिथे आहे तिथे इज.

फळ्यावर ही सहा वाक्यं एकाखाली एक लिहा आणि समोर इंग्रजी ठेवा:

- तो शिक्षक आहे – ही इज अ टीचर
- टेबलावर पुस्तक आहे – देअर इज अ बुक ऑन द टेबल
- मला दोन भाऊ आहेत – आय हॅव टू ब्रदर्स
- तो जात आहे – ही इज गोइंग
- तो गेला आहे – ही हॅज गॉन
- मला जायचं आहे – आय वॉन्ट टू गो

काही समजावू नका, मुलांनाच विचारा की सहाही ठिकाणी "आहे" आहे, मग इज किती ठिकाणी आला? ते शोधून काढतात. मग एकच नियम द्या: ॲम-इज-आर किंवा वॉज-वेअरच्या मागे क्रियापदाचा नुसता पहिला फॉर्म कधीही येत नाही. एकतर "आयएनजी" लागलेला येईल, नाहीतर तिसरा फॉर्म. "आय ॲम गो" आणि "ही इज लाइक" हे दोन्ही या एका नियमाने पकडले जातात, आणि मुलं स्वतःच स्वतःच्या वहीत पकडायला लागतात.

लगेच "मला" घ्या. मला भूक लागली, मला ताप आहे, मला पोहता येतं, मला गणित आवडतं, मला माहीत नाही. मराठीत हे सगळे "मला", इंग्रजीत कर्ता "आय" आणि क्रियापद दर वेळी वेगळं: ॲम हंग्री, हॅव अ फीव्हर, कॅन स्विम, लाइक मॅथ्स, डोन्ट नो. याला तर्क लावत बसू नका, ही पंधरा-वीस वाक्यं अख्खीच्या अख्खी पाठ होऊ द्या. पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे सध्या, पण जिथे दोन भाषांची बांधणीच जुळत नाही तिथे तयार वाक्य तोंडात असणं केव्हाही बरं.

शेवटी "एस". ही गोज, शी ईट्स. नियम सगळ्यांना माहीत असतो, लिहिताना पडतो, आणि त्याचं एक साधं कारण आहे: आपण सराव कायम "माझी दिनचर्या" यावर घेतो, त्यात सगळीकडे "आय", मग "एस" लागणार कुठे? म्हणून दिनचर्या आईची लिहायला द्या, एसटीच्या कंडक्टरची द्या, शेजारच्या काकांची द्या. "माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह. शी फिल्स वॉटर. शी मेक्स भाकरी". आठ-दहा वाक्यं झाली की हाताला सवय लागते.

सावधान: "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम नोइंग" असलं आपण शिक्षकच बोलताना बोलून जातो आणि पोरं तेच उचलतात. नो, लाइक, वॉन्ट, अंडरस्टँड आणि मालकीचा हॅव यांना "आयएनजी" लावायचा नाही, आधी आपल्या तोंडून बंद करा.

## टप्पा 3: प्रश्न आणि नकार

आपलं चौथं वाक्य, "तू काल शाळेत का आला नाहीस", याची उत्तरं "व्हाय यू नॉट केम" नाहीतर "व्हाय यू डिडन्ट केम" अशी येतात. मराठीत वाक्य तसंच ठेवून "का" घातलं किंवा आवाज चढवला की प्रश्न होतो, इंग्रजीत मदतनीस क्रियापद उचलून कर्त्याच्या आधी न्यावं लागतं. आणि मदतनीस दिसतच नसेल तर?

तर तो लपलेला असतो. हेच नीट दाखवायचं. फळ्यावर लिहा:

- गो = डू + गो
- गोज = डझ + गो
- वेंट = डिड + गो

म्हणजे "गोज"मधला "एस" हा खरं तर "डझ"चा, आणि "वेंट"मधला भूतकाळ "डिड"चा. प्रश्न किंवा नकार करायचा झाला की हा मदतनीस बाहेर काढायचा, आणि तो बाहेर आला की आत उरतो फक्त पहिला फॉर्म. "ही वेंट" फोडलं की "ही डिड गो", नकार "ही डिड नॉट गो", प्रश्न "डिड ही गो?". हे फोडणं मुलांनी पंधरा-वीस क्रियापदांवर वहीत करायचं, वाक्य नको, नुसतं फोडायचं. "डिड नॉट वेंट" ही चूक या एका सरावाने जितकी कमी होते तितकी नियम दहा वेळा सांगून होत नाही.

मग क्रम: आधी नकार, मग हो-नाहीचे प्रश्न, मग व्हाय-व्हेअर-व्हेनचे प्रश्न. उलट करू नका. शेवटचे प्रश्न म्हणजे हो-नाहीच्या प्रश्नापुढे फक्त एक शब्द चिकटवणं. "डिड यू कम?" जमलं की "व्हाय डिड यू कम?" आपोआप, आणि मग "व्हाय डिडन्ट यू कम टू स्कूल येस्टरडे?".

क्वेश्चन टॅग इथेच उरकून घ्या, वेगळा धडा कशाला. मदतनीस बाहेर काढता आला की "ही वेंट होम, डिडन्ट ही?" यात नवीन असं काही राहत नाही.

तपासा: जोड्या लावा, एकाने उत्तर सांगायचं आणि दुसऱ्याने त्याचा प्रश्न तयार करायचा. "शी लिव्ह्ज इन साताऱ्या" नव्हे, "इन सातारा" हेही जाता जाता सांगा, गावाच्या नावाचं सामान्यरूप इंग्रजीत नेणारी पोरं असतात.

## टप्पा 4: काळ, पण बारा नाही

बारा काळांचा तक्ता आधी भिंतीवरून काढा. दहावीपर्यंत स्वतः लिहायला लागतात सहा: साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान, भविष्य, पूर्ण वर्तमान आणि चालू भूत. पास्ट परफेक्ट ओळखता आला आणि इनडायरेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना, वापरता आला की पुरे. "शॅल हॅव बीन गोइंग" वर घालवलेली तासिका मी सरळ वाया गेलेली समजतो.

शिकवायचा क्रमही वर दिलाय तोच. साधा भूत पक्का होईपर्यंत पूर्ण वर्तमान उघडूच नका, कारण खरा गोंधळ या दोघांत आहे. मराठीत "मी काल ते काम केलं आहे" खपून जातं, म्हणून मुलं "आय हॅव डन इट येस्टरडे" लिहितात. एकच कसोटी द्या: वाक्यात संपलेली वेळ दिलीये का? काल, परवा, गेल्या वर्षी, 2019 साली, सकाळी सातला. दिली असेल तर हॅव-हॅज नाही, सरळ दुसरा फॉर्म. वेळ नाही आणि परिणाम आत्ता दिसतोय, तर हॅज-हॅव. बाबा शेतात गेलेत, म्हणजे आत्ता घरी नाहीत, म्हणून "फादर हॅज गॉन टू द फील्ड".

दुसरा गोंधळ "पासून". "आम्ही पाच वर्षांपासून इथे राहतो" यात मराठी क्रियापद साधं वर्तमान आहे, त्यामुळे "वी आर लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" येणारच. यात दोन चुका एकात एक आहेत, त्या वेगळ्या करून शिकवा. पहिल्या दिवशी फक्त "वी हॅव लिव्हड". दुसऱ्या दिवशी फक्त सिन्स-फॉर: कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येतं ते सिन्स, बोटांवर मोजता येतं ते फॉर. सिन्स 2020, सिन्स मंडे, फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स.

सावधान: "काळ ओळखा" असले प्रश्न कमी द्या. ओळखता येतं म्हणून लिहिता येतं असं नसतं. त्यापेक्षा एक परिच्छेद साध्या वर्तमानात द्या आणि "टुडे" खोडून "येस्टरडे" लिहायला लावा, सगळी क्रियापदं बदलत जावी लागतात.

## टप्पा 5: अ, द आणि इन-ॲट-ऑन

इथे रेंगाळू नका, हे वर्षभर थोडं थोडं चालत राहणार. आर्टिकल मराठीत नाहीच, त्यामुळे नियमांची जंत्री डोक्यावरून जाते. तीन गोष्टी पुरतात. मोजता येणारी एकच वस्तू उघडीबोडकी सोडायची नाही, पुढे अ, द, माय, धिस काहीतरी हवं. पहिल्यांदा आली तर अ, परत आली तर द. आणि अ की ॲन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर: ॲन अवर, ॲन एमएलए, पण अ युनिव्हर्सिटी, अ युरोपियन.

प्रिपोझिशनसाठी "ला म्हणजे टू" हे समीकरण मोडा. नागपूरला राहतो – इन, नागपूरला जातो – टू, पाचला येतो – ॲट, सोमवारला – ऑन, आणि आईला विचारतो – काहीच नाही, "आय आस्क माय मदर". क्रियापदासोबतच पाठ करा, सुटा शब्द म्हणून नको. आणि "डिस्कस अबाउट" मधला अबाउट काढून टाका, तो आपण घुसवलेला आहे.

## टप्पा 6: दोन वाक्यं जोडणं

मराठीत जोड्या चालतात: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. इंग्रजीत साधारणपणे एकच जोडशब्द पुरतो. म्हणून "दो इट वॉज रेनिंग, बट द मॅच टुक प्लेस" मधला "बट" जायला हवा. मुलांना सांगा, दो लिहिलं की बट खोड, बिकॉज लिहिलं की सो खोड. दोन्हीतला कुठला ठेवायचा ही त्यांची मर्जी.

"जो मुलगा पहिला आला तो माझा मित्र आहे" हे करताना आधी "तो" काढून टाकायचा, मग "जो"च्या जागी हू, आणि हू नावाच्या लगेच मागे: "द बॉय हू केम फर्स्ट इज माय फ्रेंड". यात "ही" कुठे घुसला तर लाल गोल. माणसाला हू, वस्तूला विच किंवा दॅट.

आणखी दोन सापळे. "इफ ही विल कम" नाही, "इफ ही कम्स", भविष्य दुसऱ्या भागात ठेवायचा. आणि "आय डोन्ट नो व्हेअर इज ही" नाही, "व्हेअर ही इज". तिसऱ्या टप्प्यात प्रश्नासाठी मदतनीस पुढे आणायला शिकवलं आणि आता तोच मागे न्यायचा, त्यामुळे पोरं वैतागतात. प्रश्नचिन्ह शेवटी येणार असेल तरच उलटवायचं एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी निभावतं. "डू यू नो" सारख्या सुरुवातीला मात्र प्रश्नचिन्ह असूनही दुसरा भाग सरळच राहतो, तेवढं वेगळं दाखवा.

## टप्पा 7: व्हॉइस आणि नॅरेशन

आता, आणि आताच. पहिल्या सहा टप्प्यांशिवाय हे नुसते गणिती फॉर्म्युले होतात.

पॅसिव्ह शिकवायच्या आधी तुमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंशी किंवा सरांशी दोन मिनिटं बोला, कारण मराठीच्या तासाला "रामाने आंबा खाल्ला" हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवलेला असतो, पोरं कर्मणी म्हणजे पॅसिव्ह धरतात आणि साध्या भूतकाळातल्या प्रत्येक वाक्याचं "वॉज ईटन बाय" करतात. स्पष्ट सांगायचं की हे वाक्य इंग्रजीत "राम एट अ मँगो", साधं ॲक्टिव्ह. मग पहिली पायरी कायम एकच: क्रियापदाला "काय?" किंवा "कोणाला?" विचारा. उत्तर आलं तरच पॅसिव्ह होतो. गो, स्लीप, अराइव्ह, डाय यांचा होत नाही. उत्तर आलं की ते पुढे आणा, काळ बघून "बी"चं रूप लावा, तिसरा फॉर्म, आणि "बाय" अगदीच गरज असेल तर. "द रोड वॉज रिपेअर्ड" इथे कोणी केला ते कशाला हवंय.

नॅरेशनमध्ये मराठीची अडचण वेगळी. "सर म्हणाले की मी उद्या येणार नाही" यात "की" आलं तरी आतलं बोलणं जसंच्या तसं राहतं, "मी" म्हणजे सरच. इंग्रजीत ते पूर्ण बदलतं. पायऱ्या या क्रमाने, आणि वहीत प्रत्येक पायरी वेगळ्या ओळीवर:

1. आतला "मी" कोण? नाव लिहा. – सर
2. सर्वनाम बदला. – ही
3. काळ एक पाऊल मागे. – विल नॉट चं वुड नॉट
4. वेळेचा शब्द बदला. – टुमॉरो चं द नेक्स्ट डे
5. जोडा. – "सर सेड दॅट ही वुड नॉट कम द नेक्स्ट डे"

सावधान: "सेड मी" नाही आणि "टोल्ड टू मी" पण नाही. सेडनंतर माणूस हवा असेल तर टू, टोल्डनंतर माणूस थेट.

## टप्पा 8: लिखाणात उतरवणं आणि वही तपासणं

दहावीची कृतिपत्रिका, म्हणजे इंग्रजीचा लेखी पेपर, 80 मार्कांची, त्यात व्याकरणाचे सुटे प्रश्न थोडेच. पत्र, भाषण, गोष्ट पूर्ण करा असल्या प्रश्नांत मात्र प्रत्येक ओळीत वाक्यरचना लागते. म्हणून रोज पाच ओळी लिहून घ्या, जास्त नको.

आणि तपासायचं कसं ते बघा. समजा वहीत हे आलं: "येस्टरडे इज संडे. माय फादर आर गो टू मार्केट. आय ऑल्सो गो विथ देम. वी आर बाय व्हेजिटेबल अँड वन पेन. मार्केट इन व्हेरी रश. आय ॲम व्हेरी लाइक मार्केट."

लाल पेन घेऊन बसलात तर दहा-बारा गोल होतील आणि पोरगं वही मिटून टाकेल. नीट बघा. "आर गो", "आर बाय", "ॲम लाइक" ही एकच चूक तीनदा, दुसरा टप्पा. "फादर आर" आणि "देम" हा आदरार्थी घोळ, पहिला टप्पा. "मार्केट इन रश"मध्ये क्रियापदच नाही, तोही पहिलाच, "द मार्केट वॉज व्हेरी क्राउडेड" हे वाक्य देऊन टाका. मग उरतो भूतकाळ. म्हणजे खऱ्या चुका तीन-चारच. या आठवड्यात फक्त "आर गो" वाल्या तीन ठिकाणी खूण करा आणि त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या, बाकी शाई लावू नका. पुढच्या आठवड्यात भूतकाळ. पालक विचारतात की बाकीच्या चुका सोडल्या कशा, त्यांना हे समजावून सांगायची तयारी ठेवा.

वही देण्याआधी मुलाने स्वतः तीनदा वाचायची: एकदा फक्त कर्ता आहे का बघायला, एकदा फक्त क्रियापदावर बोट ठेवत, एकदा अ-द आणि फुलस्टॉपसाठी. एकाच वाचनात सगळं शोधायला गेलं की काहीच सापडत नाही.

## दहावीला दोनच महिने उरले असतील तर

तर सगळे टप्पे होणार नाहीत हे आधीच मान्य करा. पहिला टप्पा दोन तासिकांत, दुसरा आणि तिसरा पूर्ण, चौथ्यातले फक्त साधा वर्तमान, साधा भूत आणि भविष्य. पाचवा सोडून द्या. सहाव्यातले दो-बट, बिकॉज-सो आणि हू एवढंच. सातव्यातला पॅसिव्ह पायऱ्यांनी करून घ्या, नॅरेशन फक्त साध्या विधानांचं, प्रश्नार्थी आणि आज्ञार्थी राहू द्या. रोजच्या पाच ओळी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू ठेवा, आणि त्या पत्राच्या किंवा भाषणाच्या विषयावरच द्या म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात. आठवी-नववीला हा गोंधळ नको असेल तर जूनमध्येच चाचणी घ्या, दिवाळीच्या सुट्टीआधी चौथा टप्पा संपला पाहिजे.